वारं लागू नये म्हनून

लिवा ताई, पन मी जसं बोलतो तसंच लिवा, गोड-गोड करू नोका, नाही तं आमच्या गल्लीतल्या बाया वाचतीन अन् म्हनतीन, हे कमल नाही, हे दुसरीच कोनी होय. माह्यं माहेर अंजनगाव सुर्जीचं. आमी माळी. बापाच्या वावरात झेंडू, शेवंती, बांधानं मोगरा, अन् एका तुकड्यात वांगे-मिरच्या. सकाळी तोडनी करा, टोपलं भरा, बाजारात नेऊन बसा, ह्याच्यातच मी मोठी झाली, शाळा झाली ते नावाले. लगन होऊन अमरावतीले आली तं इथं बी फुलंच. सासऱ्याचं राजापेठेत फुलाचं दुकान, दुकान म्हंजे काय, एक फळी अन् वरतून ताडपत्री. हार वळायचे, गजरे करायचे. माह्या कमरेच्या बटव्यात तवापासून एक अर्धं ब्लेड राह्यते, कागदात गुंडाळलेलं, दोरा कापाले. आमचे हे हासतात, म्हनतात लोकाईच्या बायका बटव्यात सुपारी ठेवतात, माही बायको हत्यार ठेवते.

माही एकच पोरगी, वैशाली. तिच्या वक्ताले मी बाळंतपनाले अंजनगावलेच गेली. कवेलूचं, म्हंजे कौलाचं घर, मागची अंधारी खोली, बाजीवर मी अन् बाजीखाली शेगडी. गोवऱ्याचे निखारे करून माही माय शेगडी भरे, त्याच्यावर ओवा, शेपा, लसनाचे फोतरं टाके, अन् मले अन् लेकराले शेक देये. डोक्याले फडकं, कानात कापूस, दारावर गोधडी. बाळंतिनीले वारं लागू नये, वारं लागलं तं जलमभर कंबर धरून बसावं लागते, असं आमच्यात म्हनतात, तुमच्यात बी म्हनत असतीन. पन कवेलूचं घर ते, किती बी झाका, वरतून वारं येयेच. सकाळी न्हाऊन आली की असं अंगावर येये, मी मायले म्हनो, माय, हे भोकं बुजव नं वं. माय म्हने बुजवतो, बुजवतो, अन् कधी बुजवले नाही, तिले वावरातून टाइम कुठं होता. काय सांगू तुमाले, त्या भोकाईले मी तवा लय शिव्या देल्या.

मंग अमरावतीत आमी बी आमची जुनी खोली पाडली अन् स्लॅब टाकला. समोरच्या खोलीले स्लायडिंगची खिडकी केली, काळ्या काचाची, मले हौसच होती तिची. पन स्लायडिंग कसं असते ताई, दोन पल्ले एकमेकाच्या मांगं-पुढं सरकतात, तं मंधात फट राह्यतेच, अन् खालच्या पट्टीले पावसाचं पानी जावाले भोकं ठेवलेले असतात. उन्हाळ्यात तिथून धूळ, अन् हिवाळ्यात मेळघाटाकडून येते ते वारं. खिडकी घट्ट लावली तरी परदा हाले. आमचे हे म्हनत, खिडकी बंद हाये का उघडी हाये हे आपल्या घरात परद्यावरून समजत नाही. आमी हासून सोडून देल्लं. आमाले त्याचं काही नव्हतं.

वैशालीले अकोटले देली. जवाई शिकवनीचे क्लास घेतात, सासऱ्याचा सरकी-ढेपेचा धंदा, घर चांगलं. सासू म्हंजे माही इहीनबाई, सुमनबाई. मनानं वाईट नाही, मी खोटं बोलनार नाही, पन तोंडानं लय कडक. वैशालीले दिवस गेले तं मी म्हनलं पहिलं बाळंतपन माहेरी, हा रिवाजच हाये. इहीनबाई म्हने, बाई, थंडीचे दिवस येऊन राहिले, आमच्याइथंच काहून नाही? मी म्हनलं, नाही बाई, पहिलं हाये, माह्या दारात होऊ द्या. तं ते घर पाहाले आली. सारं घर फिरली, चहा घेतला, अन् देवापाशी गेली, जळती उदबत्ती उचलली, अन् आमच्या बंद खिडकीच्या फटीपाशी नेऊन धरली. धूर आतमंधी वळला. म्हने, पाहा. हे वारं माह्या सुनेच्या अंगात भरन. एक तं हे बुजवा, नाही तं पोरीले मी घेऊन जातो. माह्या घरात, माह्या देवाची उदबत्ती घेऊन, मलेच दाखवून राहिली. मी आतून अशी पेटली, पन लेकीची सासू, काय बोलता? मी म्हनलं, बुजवतो बाई, असं बुजवतो की तुमी पाह्यतच राहासान.

राजापेठेतूनच एक स्लायडिंगवाला आनला, मोठ्या पोटाचा, पान खानारा. त्यानं पल्ले काढले, कडेनं ब्रशवाली केसाळ पट्टी बसवली, काचाचं रबर बदललं, मंग ते पिचकारीतलं पांढरं, सिलिकॉन, ते चौकटीच्या भवती मारलं. मी म्हनलं, भाऊ, खालचे भोकं बी बुजवा. तो म्हने, बाई, पावसाचं पानी कुठून जाईन? मी म्हनलं, पाऊस लांब हाये, बाळंतीन जवळ हाये. अन् दोन पल्ल्याच्या मंधात? तो म्हने, तिथं मारलं तं सरकनार नाही. मी म्हनलं, सव्वा महिना सरकवाचीच नाही, मारा. त्यानं मारलं. म्हने, झालं बाई, आता मुंगी येत नाही अन् मुंगी जात नाही. मी त्याले चहा देला, वरतून शेव देली. अन् मंग मी काय केलं, उदबत्ती लावली, इहीनबाईले व्हिडिओ कॉल लावला, अन् खिडकीपाशी धरून दाखवली. धूर सरळ वर. ते म्हने, हां, आता बाळंतिनीची खोली दिसते. माही छाती फुगली. ते दोन शब्द आयकासाठी मी खिडकी बुजवली, असंच म्हना.

वैशाली बाळंत झाली, पोरगी झाली, सारं नीट झालं. दवाखान्यातून निंगताना डॉक्टरीनबाई म्हनली, शेगडी-बिगडी ठेवू नका खोलीत. मी मान हालवली. पन ताई, डॉक्टर तं सारंच म्हनतात, काजळ घालू नका म्हनतात, गुटी देऊ नका म्हनतात, अन् आमी सारं करतो अन् लेकरं वाढतात. मी घरी आली अन् बाजीखाली शेगडी ठेवली. आता शहरात गोवऱ्या कुठं भेटतात, तं कोळसा आनला. वैशाली एक-दोन वेळा म्हनली बी, आई, डोकं लय दुखते वं, जड जड वाटते. मी म्हनलं, वारं शिरलं असन कानात, कापूस नीट घाल. अन् निखारे वाढवले. आयकून घ्या, मी वाढवले.

बारसं व्हाचं होतं अजून. सकाळची वेळ, मालिशवाली बाई तिले अन् लेकराले चोळून, न्हाऊ घालून गेली. लगनसराई होती, हाराचं काम अंगावर होतं, हे दारातच फुलं पसरून बसले होते. मी शेगडी भरली, दार लावलं, दाराच्या खालच्या फटीले गोधडी कोंबली, अन् इकडं झेंडू ओवत बसली. लेकरू रडलं नाही. रोज न्हाल्यावर लेकरू घर डोक्यावर घे, त्या दिवशी चूप. मी ह्याईले म्हनलं, पाहा, कसं गुनाचं हाये, शेक मानवला तिले. हेच म्हनलं मी. हार पुरा केला, मंग अळिवाची खीर वाटीत घेतली अन् दार उघडलं, म्हनलं वैशू, घे वं. वैशू बोलेना. तोंड तिचं लालबुंद, मान बाजीवरून खाली, अन् लेकरू तिच्या कुशीत, हात मोकळे, ढिल्ले.

काय सांगू तुमाले ताई. धूर नाही. वास नाही. खोली अशी चांगली ऊबदार, जशी मले पाहिजे होती तशी. मी आंधी खिडकीकडं धावली. मले कोनी शिकवलं नाही, पन पाय खिडकीकडंच गेले. ओढली, तं सरकते कुठं? मीच मारून घेतलं होतं नं ते पांढरं. दोन्ही हातानं ओढली, पाय भिंतीले लावून ओढली, नखं तुटले, मी अशी वरडून राहिली, सरक वं माय, सरक, जशी काय ते खिडकी बाई होय. माह्यंच डोकं गरगर फिराले लागलं. तेवढ्यात हे आले, ह्याईनं पाट्यावरचा वरवंटा उचलला अन् काचावर घातला. सारी काच बाजीवर, माह्या अंगावर. मी लेकरू उचललं अन् दारात फुलाच्या ढिगावर आनून ठेवलं, ह्याईनं वैशूले खांद्याखाली धरून ओढत आनलं. गल्ली गोळा झाली. कोनी ऑटो आनला. ऑटोत लेकरू एकदा कुथलं, फक्त एवढंच, अन् मी म्हनलं देवा, आता काही मांगत नाही तुले.

दोघी वाचल्या. दोघीले ऑक्सिजन लावला, दुसऱ्या दिवशी वैशूनं डोये उघडले. डॉक्टर म्हनले, कोळशाचा गॅस होय हा, दिसत नाही, वास येत नाही, बंद खोलीत मानूस झोपल्या झोपल्या जाते. शेगडी कोनी ठेवली? मी म्हनलं, मी. खिडकी बंद कोनी केली? मी म्हनलं, मीच. अन् तिथंच मले माह्या मायचं घर आठोलं, ते कवेलू, ते भोकं, ज्याईले मी शिव्या देल्या. त्या भोकाईनंच मले अन् वैशूले वाचवलं होतं, अन् आमाले कोनाले मालूम नव्हतं. रिवाज आमी आमच्या मायकडून घेतला, घर मातर दुसरं घेतलं, अन् हे दोन्ही एका ठिकानी चालत नाही, हे आमाले कोन सांगनार होतं?

इहीनबाई दवाखान्यात आली, माह्याकडं पाह्यलं बी नाही. म्हने, माही सून अन् माही नात मले वापस करा. मी म्हनलं असतं, उदबत्ती कोनी धरली होती वं? पन नाही म्हनली. करायले गेली गनपती अन् झाला मारोती, आता भांडून काय. ते वैशूले घेऊन गेली, अन् मंग दिवाळीले बी धाडली नाही. सगेसोयऱ्यात सांगतलं, त्या बाईनं कच्चा कोळसा पेटवला, पोरीकडं ध्यान देल्लं नाही, हार ओवत बसली. हार ओवत बसली होती हे खरंच हाये, त्याले मी काय म्हनू.

अन् वैशाली त्या दिवसाबद्दल एक शब्द बोलली नाही. फोनवर बोले, भाजी काय केली, बाबाचे गुडघे कसे हायेत, सारं बोले, पन ते नाही. मले वाटे, एकदा तं शिव्या दे वं, एकदा म्हन, आई, तू मले मारून टाकत होती. नाही म्हनली. अन् लेकराची धास्ती तं इचारू नोका. नाव आर्वी ठेवलं, हे म्हनाले, हे काय, गावाचं नाव ठेवलं का पोरीले, पन आमाले हासाचा बी हक्क नव्हता. मान धरली का, पालथी पडली का, बसली का, मी फोनवर हेच इचारो. सारं झालं, पन बोलेना. शेजारचे लेकरं बोलाले लागले, आर्वी चूप. इहीनबाई म्हने, त्या गॅसचंच होय. मी रोज एक हार वळून अंबादेवीले नेऊन घालो अन् पायरीवर बसून राहो. मंग एका दिवशी जवाईबुवाचा फोन आला, म्हने, आयका, अन् फोनात आर्वी म्हनली, बाबा. साधं बाबा. मी फळीवर बसल्या बसल्या रडली. गिऱ्हाईक म्हने, काय झालं मावशी? मी म्हनलं, काही नाही, तुमी शेवंती घेता का झेंडू घेता.

आता ह्या साली वैशूले पुन्हा दिवस होते. दुसरं बाळंतपन सासरी, रिवाजच तो, अन् नसता तरी माह्याकडं कोन धाडतं. पोरगा झाला. मले फोन आला, मी पेढे वाटले, अन् बोलता बोलता वैशू म्हनली, सासूले ते मम्मी म्हनते, मम्मीनं खोली चांगली केली वं, साऱ्या खिडक्या पॅक करून घेतल्या, ब्रशच्या पट्ट्या, सिलिकॉन, सारं, थंडी बिलकुल येत नाही. मी म्हनलं, शेगडी? म्हने, उद्यापासून शेक हाये. मी म्हनलं, तुह्या सासूले दे फोन. इहीनबाईले मी हात जोडून सांगतलं, बाई, खिडकी उघडा. ते म्हने, आता तुमी मले शिकवसान? फोन ठेवून देल्ला. पुन्हा लावला, उचलला नाही. जवाईबुवाले लावला, ते क्लासवर.

मी ह्याईले म्हनलं, दुकान पाहा, मी अकोटले चालली. सकाळच्या पहिल्या एसटीनं निंगाली. परतवाड्याकडून गेली ते गाडी, अंजनगाव लागलं, भाऊ राह्यते तिथं, पन मी उतरली नाही. लाडूचा डब्बा मांडीवर अन् माह्या मनात एकच, की शेगडी पेटली असन का. गाडी कापसाच्या ट्रॅक्टराईच्या मांगं मांगं चालून राहिली, मी ड्रायवरले म्हनलं, भाऊ, चाल नं लवकर. तो म्हने, मावशी, उडवू का आता?

अकोटले पोचली तं अंगनात शेगडी भरून ठेवली होती, निखारे लालबुंद, इहीनबाई त्याच्यावर ओवा टाकून राहिली होती. मले पाहून उठली नाही. म्हने, आल्या का. पाहा, आमचा कोळसा पुरा पेटलेला हाये, धूर नाही, तुमच्यासारखा कच्चा नाही. मी म्हनलं, बाई, धुरानं नाही झालं ते, धूर नव्हताच माह्याइथं. ते आयकते कुठं, चिमट्यानं शेगडी उचलाले लागली. मी सरळ खोलीत गेली. वैशू बाजीवर, लेकरू कुशीत, तसंच, त्याच बाजूले. आर्वी कोपऱ्यात भातुकली मांडून बसली होती. अन् खिडकी अशी बुजवलेली, माह्यापेक्षा बी चांगली. मी बटव्यातून ब्लेड काढलं, कागद फेकला, अन् त्या पांढऱ्यावर वरतून खालपर्यंत ओढलं. मंग कडेचं ओढलं. रबर बोटानं उपसून काढलं.

इहीनबाई वरडत आली, अवो बाई, डोकं फिरलं का तुमचं, कालच केलं ते काम, हे काय करून राहिल्या! जवाईबुवा बी दारात आले, म्हने, आई, थांबा, थांबा. मी थांबली नाही, घाईघाईत ब्लेड माह्याच बोटाले लागलं. मी म्हनलं, मले हाकला, पोलिसाले बोलवा, पन आंधी हे उघडू द्या.

अन् तवा वैशू बोलली. बाजीवरूनच, हळू. म्हने, मम्मी, कापू द्या तिले. मले त्या दिवशी आयकू येत होतं. आई खिडकी ओढून राहिली होती, सरक वं माय, सरक वं माय, म्हनून राहिली होती, मले सारं आयकू येत होतं, पन माह्या हातात जीव नव्हता, मले पोरीले उचलाचं होतं अन् माह्यानं बोट हालत नव्हतं. मले वाटलं, आता आईच्यानं खिडकी नाही उघडली तं आमी गेलो. एवढे दिवस पोटात ठेवलं पोरीनं. मी समजत होती ते मले दोष देऊन राहिली, अन् ते तं तो माहा वरडन्याचा आवाज घेऊन जगून राहिली होती. मी तिथंच खाली बसली, रगत लागलेलं बोट तोंडात घालून, अन् मोठ्यानं रडली, इहीनबाईच्या घरात, लाज ना शरम.

मंग इहीनबाईनं काय केलं, खिडकीले हात घातला अन् जोर लावून एक पल्ला सरकवला. देवापाशी गेली, उदबत्ती आनली, धरली. धूर वळला. म्हने, येते वारं. अन् जवाईले म्हने, शेगडी अंगनातच राहू दे, कपडा तापवून आत आन. माफी-बिफी नाही, तिच्या तोंडात तो शब्दच नाही, अन् माह्या बी नाही. हळद आनून माह्या बोटावर दाबली, जरा जोरातच दाबली.

आता मी इथं अमरावतीत. आमच्या खिडकीचा तो फुटलेला पल्ला मी पुन्हा बसवलाच नाही, तिथं जाळी लावली, थंडी वाजते तं गोधडी घेतो. हे कुरकुर करतात, करू द्या. दुधानं तोंड पोळलं म्हनून मी ताक बी फुंकून पेतो, लोक हासतात, हासू द्या. रोज सकाळी फळीवर बसली की पहिला हार सुरू करायच्या आंधी अकोटले फोन लावतो, अन् लेकरू कसं हाये, दूध पेलं का, हे मांगून, आंधी इचारतो, वैशू, खिडकी उघडी हाये ना? ते बोलाच्या आंधी मांगून इहीनबाईच वरडते, उघडी हाये म्हना त्या बाईले, आमी सारे कुडकुडून राहिलो इथं तिच्या पायी! तं मी बी फोनात वरडून सांगतो, कुडकुडा बाई, लय वर्स कुडकुडा, साऱ्याच्या साऱ्या कुडकुडा, पन जित्या राहा.